मात कोणावर?

दिवाळीच्या सुटीत आमचे घर भाचरांनी भरून जाते. दुपारी मोठी माणसे फराळाने सुस्तावून आडवी झाली की माजघरात आंधळी कोशिंबीर सुरू होते. एकाच्या डोळ्यांवर पंचाची पट्टी बांधायची, त्याला गरगर फिरवायचे, आणि मग बाकीच्यांनी टपल्या मारीत पळत सुटायचे. गेल्या भाऊबीजेला हा गोंधळ ऐन रंगात आला असताना माझा एक जुना विद्यार्थी दाराशी येऊन उभा राहिला. माझ्या वर्गात होता तेव्हा त्याला थोडेफार दिसत असे. फळ्यावरचे अक्षर वाचण्यासाठी तो पहिल्या बाकावरून उठून फळ्याशी यायचा. पुढे तेही गेले. आता तो पंचविशीचा आहे, नोकरी करतो, आणि बुद्धिबळ खेळतो.

त्याला पाहताच मी मुलांना दटावले, "बंद करा रे तो खेळ!" माझी मलाच लाज वाटली होती. तो मात्र पायरीवरच थबकून म्हणाला, "का थांबवलेत, गुरुजी? मलाही घ्या की." मग मुलांत वाद पडला, की याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची की नाही? मोठी मुले नको म्हणू लागली. माझी सात वर्षांची भाची ठामपणे म्हणाली, "राज्य ज्याच्यावर, पट्टी त्याला. नियम म्हणजे नियम." आणि तिने ती बांधलीच. पुढची पाच मिनिटे तो खाटेला धडकला, कोनाड्याला धडकला, एकदा चुकून माझ्या मेहुण्यांनाच धरले. पोर काही हाती लागेना. घर हसत होते आणि तोही हसत होता.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, त्याच दिवशी त्याने माझ्या एका कथेवर टीका केली, आणि ती ऐकल्यापासून मी या विषयावर लिहिलेले-दाखवलेले जे जे हाती लागेल ते पुन्हा तपासून पाहत आलो आहे. मी काही पदवीधर टीकाकार नव्हे. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपाशीच थांबले. चार-दोन कादंबऱ्या आणि वीस वर्षांची मास्तरकी, एवढ्या भांडवलावर हे लिहितो आहे.

कथा जुनीच. अशाच एका दिवाळी अंकात आली होती. तीत एक अंध मुलगा शाळेच्या स्पर्धेत बुद्धिबळात पहिला येतो, मुख्याध्यापक त्याला पोटाशी धरतात, टाळ्यांचा कडकडाट होतो. पुष्कळ पत्रे आली होती. 'डोळे पाणावले' असे बहुतेकांनी लिहिले होते, आणि मीही त्या पत्रांची चळत कितीतरी दिवस जपून ठेवली होती. त्याने ती कथा बहिणीकडून वाचून घेतली होती. म्हणाला, "गुरुजी, तुमचा मुलगा एकदाही खेळत नाही. नुसता जिंकतो. त्याने पहिले प्यादे कोणते हलवले, ते तरी तुम्हाला माहीत होते का?"

माहीत नव्हते. मी ते ठरवलेच नव्हते. मला डाव नको होता, मला टाळ्या हव्या होत्या.

आपली भाषा तरी या बाबतीत मला कोठे मदत करणार होती? तिच्यातला आंधळा एक डोळा मागतो, नाहीतर दळण दळतो आणि पीठ कुत्रे खाते. यापेक्षा मान द्यायचा झाला तर आपण एकदम 'प्रज्ञाचक्षू' म्हणतो. विदर्भातील संतपुरुष गुलाबराव महाराजांना तो शब्द शोभला, कारण त्यांची विद्वत्ताच तशी होती. पण चेंडूमागे धावणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला प्रज्ञाचक्षू म्हणून कसे चालेल? एक तर भिकेची वाटी, नाहीतर ऋषीचे आसन. मधले जे अंगण आहे, जिथे माणूस पडतो, चिडतो, 'हा आऊट नव्हताच' म्हणून भांडतो, ते अंगण आपल्या शब्दांत त्याला मिळत नाही.

पडद्यावरही पुष्कळ काळ तेच चालले. १९६४ साली आलेला 'दोस्ती' आमच्या आईवडिलांच्या पिढीने रुमाल ओले करीत पाहिला. त्यातला अंध मोहन रस्त्यावर गातो, आणि त्याच्या गाण्यावर त्याच्या पांगळ्या मित्राचे शिक्षण होते. चित्रपट प्रामाणिक आहे, गाणी तर घराघरांत गेली. परंतु त्याची वाटणी पाहा. एकाने शिकायचे, आणि आंधळ्याने गायचे. पुढे सई परांजपे यांचा 'स्पर्श' आला, आणि प्रथमच एका अंध माणसाला रागावण्याचा हक्क मिळाला. नसीरुद्दीन शाह यांनी रंगवलेला तो अंधशाळेचा मुख्याध्यापक दयेचा वास आला की फणा काढतो, आणि पुष्कळदा चुकीच्या जागीही काढतो. चुकणारा म्हणूनच तो खरा वाटतो. पण त्या चित्रपटाचा विषय प्रेम आणि स्वाभिमान यांचा आहे, खेळाचा नव्हे.

खेळाचा चित्रपट मला त्या विद्यार्थ्यानेच सांगितला. त्याचे नाव 'अल्गोरिदम्स', साल २०१२. दिग्दर्शक इयन मॅक्डोनाल्ड. अल्गोरिदम म्हणजे एखादा प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याची रीत. त्रैराशिक मांडण्याची जी रीत आम्ही मास्तर मंडळी शिकवतो, तीही एक अल्गोरिदमच. हा अनुबोधपट आहे, म्हणजे त्यात नट नाहीत. बुद्धिबळ खेळणारी तीन भारतीय मुले आहेत: बडोद्याचा दर्पण, चेन्नईचा साईकृष्ण, ओडिशाचा अनंत. त्यांच्याबरोबर आहेत मुंबईचे चारुदत्त जाधव, जे स्वतः पूर्ण अंध आहेत, खेळाडू होते आणि पुढे देशभरच्या अंध बुद्धिबळपटूंचे संघटक झाले. २००९ मध्ये स्वीडनला झालेल्या कुमारांच्या जागतिक अंध बुद्धिबळ स्पर्धेच्या थोडे आधी चित्रण सुरू होते आणि २०११ ची ग्रीसमधील स्पर्धा आटोपल्यावर थांबते. तीन वर्षांत मुले वाढतात. ती वाढ नटांना रंग लावून दाखवता येत नाही.

चित्रपट कृष्णधवल आहे. आजच्या काळात रंग टाकून देणे हा कित्येकदा नखरा असतो. इथे मला तो नखरा वाटला नाही. पट काळा-पांढरा, मोहरी काळी-पांढरी, आणि मुलांना तर तोही भेद डोळ्यांनी नव्हे, बोटांनी कळायचा. रंग गेल्यामुळे आपले लक्ष कपड्यांवरून, भिंतींवरून उडते आणि हातांवर येऊन ठरते. या चित्रपटाचे नायक हातच आहेत.

ते हात काय करतात हे समजायला खेळाची मांडणी सांगितली पाहिजे, कारण डोळस माणसाचा इथे एक हमखास गैरसमज असतो. आपल्याला वाटते, अंध खेळाडू सारा डाव मनात धरून, हवेत नजर लावून खेळत असेल. तसे नाही. त्याचा पट खास असतो. काळी घरे पांढऱ्या घरांपेक्षा किंचित उचललेली. प्रत्येक घराच्या मध्यावर एक भोक, प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाला एक खुंटी. काळ्या मोहऱ्यांना बोटाला लागेल अशी खूण. खेळाडू पटावरून हात फिरवतो, आणि खुंटी भोकात रुतलेली असल्यामुळे काही पडत नाही, सरकत नाही. आपल्याकडे 'हात लावला की खेळलेच पाहिजे' असा नियम आहे. तो इथे कसा चालायचा? म्हणून नियमच वेगळा आखला आहे: मोहरे भोकातून उपटले की मगच ते 'शिवले' असे धरायचे. चाचपणे म्हणजे शिवणे नव्हे, ते पाहणे आहे. नियम करणाऱ्याची मला या ठिकाणी फार तारीफ वाटते. एका ओळीत त्याने पाहणे आणि करणे वेगळे केले.

शिवाय पट दोन असतात, ज्याचा त्याचा वेगळा. डाव मात्र एकच. मी खेळी केली की ती मोठ्याने सांगायची. समोरच्याने ती उच्चारून परत म्हणायची आणि आपल्या पटावर करायची. अक्षरांचा घोटाळा होऊ नये म्हणून उभ्या ओळींना नावे आहेत: ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. आडव्या ओळींचे आकडे नि मोहऱ्यांची नावे जर्मन भाषेतली. ओडिशातला मुलगा युरोपातल्या मुलाला 'इव्हा फिअर' म्हणतो, आणि जगाच्या दोन टोकांचे दोन पट एकच डाव होतात. कधी दोन पटांत तफावत पडलीच तर पंच खेळींची नोंद पाहून ती दूर करतात. या खेळाडूंची जागतिक संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिच्या उभारणीत पुढाकार घेणारे इंग्लंडचे रेजिनाल्ड बॉनहॅम स्वतः अंध आणि अंधशाळेत गणित शिकवणारे होते. मास्तरकीच्या धंद्याबद्दल अभिमान वाटावा असे क्षण थोडेच येतात. हा एक.

आता टीकेचा मुद्दा. १८५८ साली पॅरिसमध्ये अमेरिकेचा तरुण खेळाडू पॉल मॉर्फी पटाकडे पाठ करून एकाच वेळी आठ जणांशी खेळला. सहा डाव जिंकला, दोन बरोबरीत सुटले. बुद्धिबळाच्या इतिहासात त्या दिवसाचे वर्णन प्रतिभा, स्मरणशक्ती, कल्पनाशक्ती अशा शब्दांत येते. उघडच आहे, मॉर्फीला डोळे होते, त्याने ते हौसेने बाजूला ठेवले होते. तेच आमचा विद्यार्थी न पाहता खेळला की आपण म्हणतो, जिद्द! धैर्य! नियतीवर विजय! एकाच कामाला एकाच्या बाबतीत बुद्धीचे नाव आणि दुसऱ्याच्या बाबतीत छातीचे. छातीचे कौतुक वाईट नव्हे. पण बुद्धीची बाकी त्यात बुडते, आणि बुद्धिबळात बुद्धीची बाकी बुडाली तर उरते काय?

वर्तमानपत्रांचे मथळे हा याचा नेहमीचा मासला. २०२३ च्या ऑक्टोबरात चीनमधील हांगझौ येथे आशियाई पॅरा स्पर्धा झाल्या. 'अल्गोरिदम्स'मधला तोच दर्पण इनानी, आता मोठा झालेला, त्याने पूर्ण अंध पुरुषांच्या जलद बुद्धिबळात सुवर्णपदक मिळवले. रौप्य आणि कांस्यही भारताच्याच सौंदर्यकुमार प्रधान आणि अश्विन मकवाना यांना मिळाले, आणि सांघिक सुवर्णही आले. अशा विजयांवर आपल्याकडे एक मथळा जणू खिळे जुळवून तयारच असतो: 'अंधत्वावर मात'. मला या मथळ्याची गंमत वाटते आणि चीडही येते. मात हा बुद्धिबळाचाच शब्द, आणि तोच चुकीच्या माणसाला लावलेला! मात अंधत्वावर होत नाही. अंधत्व डावाआधी जेवढे होते तेवढेच डावानंतर असते. शिवाय त्या स्पर्धेत ते दोन्ही बाजूंना होते. मग जिंकणाऱ्याने अंधत्वावर मात केली तर हरणाऱ्याने काय केले? मात समोरच्या खेळाडूवर होते. कोणत्या घरावर, कितव्या खेळीला, कोणत्या मोहऱ्याने, ही बातमी. ती मात्र शोधून सापडत नाही.

क्रिकेटचे पाहा. अंधांचे क्रिकेट १९२२ साली मेलबर्नमध्ये सुरू झाले. पत्र्याच्या डब्यात खडे घालून दोन अंध कामगारांनी त्याचा चेंडू केला. आज चेंडू पांढऱ्या कठीण प्लॅस्टिकचा, आत छर्रे, आणि तो हात खालून टाकायचा. गोलंदाज विचारतो, "रेडी?" फलंदाज "यस" म्हणतो, आणि "प्ले" म्हणून चेंडू सुटतो. अकरांत किमान चार जण पूर्ण अंध असावे लागतात आणि त्यांनी काढलेली प्रत्येक धाव दुप्पट मोजतात. ही दुप्पट धाव ऐकून माझे एक शिक्षकमित्र म्हणाले, "म्हणजे सवलतच की." मुळीच नव्हे. त्या एका नियमाने कर्णधाराचे सगळे गणित बदलते. कोणाला केव्हा पाठवायचे, कोणाला खेळपट्टीवर टिकवून धरायचे, प्रतिपक्षाच्या कोणत्या जोडीला आधी फोडायचे! रसिकाने चघळावे असे हे डावपेच आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरात कोलंबोला आपल्या अंध मुलींनी महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा नेपाळला हरवून जिंकली. किती घरांत त्या सामन्यातल्या एखाद्या फटक्यावर वाद झाला? आनंद झाला, अभिमान झाला, वाद झाला नाही. ज्या सामन्यावर वाद होत नाही तो आपण पाहिला असे मी तरी म्हणणार नाही.

माझ्या भाचीने पट्टी बांधली त्याची आठवण मला गोलबॉल या खेळाबद्दल कळले तेव्हा झाली. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली हा खेळ निघाला. बाजूला तीन-तीन खेळाडू, सव्वा किलोचा घुंगरू भरलेला चेंडू, तो घरंगळत मारायचा आणि समोरच्यांनी आडवे पडून अंगावर झेलायचा. प्रत्येकाच्या डोळ्यांवर पट्टी सक्तीची, पूर्ण अंधालासुद्धा. कुणाला अंधूक दिसते, कुणाला मुळीच नाही, हा भेद पट्टीखाली जातो. प्रेक्षकांनी गप्प बसायचे, कारण घुंगरू ऐकू आले पाहिजेत. आमच्या घरचे प्रेक्षक मात्र या नियमाला कधीच पात्र ठरायचे नाहीत.

'अल्गोरिदम्स'कडे परत येतो. त्याचा मोठा गुण हा की तो डोळे पुसायला वेळ देत नाही. प्रवास, वाट पाहणे, शाळा की खेळ हा घरचा पेच, डावाआधीची चुळबुळ आणि डावानंतरचा सुन्नपणा, यांना तो जागा देतो. जाधवांची भूमिका अशी की या एका खेळात अंध माणूस डोळसाशी बरोबरीने बसू शकतो, म्हणून प्रत्येक अंध मुलाने तो खेळावा. ती भूमिका चित्रपट आदराने ऐकतो, पण तिची पताका करीत नाही. मुलांच्या मनात दुसरे काही असेल तर तेही दिसू देतो. हरलेल्या मुलाजवळ कॅमेरा दूर न पळता बसून राहतो, हे मला सर्वांत आवडले. माझ्या कथेत मी तेथे फिरकलोही नव्हतो.

एक गोष्ट मात्र खुपली. मला एखादा तरी डाव नीट समजायला हवा होता. हात सुंदर दिसतात, चेहरे बोलतात, पण त्या हाताखाली काय शिजते आहे हे मला, बऱ्यापैकी बुद्धिबळ समजणाऱ्याला, पुरेसे कळले नाही. दिग्दर्शकाला सामान्य प्रेक्षकाची धास्ती वाटली असेल. त्याची अडचण मी समजू शकतो. तरी हाताचे सौंदर्य हे शेवटी आपले, पाहणाऱ्याचे, सुख आहे. खेळणाऱ्याला आपला हात सुंदर दिसतो की नाही याच्याशी कर्तव्य नसते. त्याला त्याचा उंट अडकला आहे याची काळजी असते. ती काळजी मला हवी होती. विद्यार्थ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला निदान हात दिसले, गुरुजी. मी चित्रपट नुसता ऐकला. घड्याळ दाबल्याचा आवाज ऐकू आला की माझा जीव वरखाली व्हायचा, आणि खेळी मात्र कळत नव्हती."

भाऊबीजेच्या त्या दुपारी आंधळी कोशिंबीर संपल्यावर त्याने पिशवीतून आपला पट काढला. मी माझा साधा पट घेतला. डोळस माणसाशी खेळतानाही दोन पट मागण्याचा अंध खेळाडूला हक्क असतो, हे त्यानेच सांगितले. मी चिवड्याची बशी बाजूला सारली आणि आम्ही खेळू लागलो. पंधराव्या-सोळाव्या खेळीला मी माझा एक घोडा बिनआधाराचा सोडला. खरे सांगायचे तर जाणून सोडला. सणाचा दिवस, पोर इतक्या लांबून आलेले. त्याने पटावरून दोनदा हात फिरवला. मग घोड्यावर बोट ठेवून थांबला.

"गुरुजी, हा चुकून की मुद्दाम?"

मी काही बोललो नाही. त्याने सगळी मोहरी उपटून डबीत टाकली आणि म्हणाला, "पुन्हा मांडू या."

दुसरा डाव दिवेलागणीपर्यंत चालला. आमच्या घरातून दोनदा चहा आला आणि दोनदा निवला. शेवटी दोन प्याद्यांच्या फरकाने मी जिंकलो. त्याने कपाळावर हात मारला, स्वतःला एक शिवी हासडली, मग माझ्यापुढे हासडली म्हणून जीभ चावली. आणि लगेच हत्ती-प्याद्यांचा तो शेवट पुन्हा मांडायला घेतला: "इथे राजा पुढे काढायला हवा होता, नाही?" राजा पुढे काढूनही तो हरत होता. हे त्याला पटवायला मला अर्धा तास लागला, आणि पुरते पटले असे अजूनही वाटत नाही.

तेव्हापासून आम्ही दूरध्वनीवर खेळतो. खेळीला दोन दिवसांची मुदत. आजवर पाच डाव झाले. दोन त्याचे, दोन माझे, एक बरोबरीत. सहावा चालू आहे. काल रात्री त्याचा आवाज आला, "फेलिक्स पाच, घोडा." तो घोडा माझ्या राजासमोर येऊन बसला आहे. मारावा तर त्याच्या हत्तीची वाट मोकळी होते, न मारावा तर राजापुढचे प्यादे जाते. संपादकांना हा लेख उद्या द्यायचा आहे आणि खेळीही उद्याच सांगायची आहे. लेख झाला. खेळी अजून सुचलेली नाही.